अर्ध्या सावलीतली झाडं

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

बागेचे फोटो पाहिले. जागा छान आहे, पण अर्ध्या सावलीतली दिसते, म्हणून तुझ्या यादीतला गुलाब, जास्वंद आणि मोगरा आधी खोडून टाक. तिघंही उन्हाचे भुकेले. मागच्या दाराशी भिंतीच्या सावलीत मी मोगरा लावला होता, आठवतो? तीन वर्षं नुसत्या काड्या वेलासारख्या लांबत गेल्या. फुलेना म्हणून मी खत घालत राहिले, तर पानं आणखी गर्द झाली आणि कळी एक नाही. शेवटी वैतागून उपटला, कुंडीत घालून गच्चीवर नेला, आणि पुढच्याच उन्हाळ्यात लगडला. दोष झाडाचा नव्हताच.

म्हणून रोपं आणण्याआधी एक सुट्टीचा दिवस घालव. दर तासाला बाहेर जाऊन ऊन कुठवर आलंय तिथे खडा ठेव. थेट ऊन चार-पाच तास मिळालं तर ती अर्धी सावली. तासभरच मिळत असेल तर फुलांचा नाद सोड आणि पानांची झाडं लाव. ऊन सकाळचं की दुपारचं, तेही बघ. सकाळचं कोवळं ऊन सगळ्यांना मानवतं, दुपारचं मात्र सावलीत वाढलेली पानं करपवतं.

पहिली तगर लाव, डोळे मिटून. कमी उन्हात फुलं थोडी कमी येतात, पण येत राहतात. छाटताना चीक येतो, तो डोळ्यांत जाऊ देऊ नकोस. भिंतीच्या कडेला कुंती. ती लिंबाच्या कुळातली, त्यामुळे वासही तसाच, लिंबू-संत्र्याच्या फुलांसारखा. बहर एकदम येतो नि चार दिवसांत पांढरा सडा पडतो. कोरांटी जांभळी घे, पिवळीला काटे असतात.

पुढच्या ओळीत अबोली. माझी सगळ्यात लाडकी. तिची वाळलेली शेंग तळहातावर घेऊन तिच्यावर पाण्याचा थेंब टाक आणि थांब. जरा वेळाने टच्चकन फुटते आणि बिया दूर उडतात. म्हणून तर एक रोप लावलं की पुढच्या पावसात आजूबाजूला पाच उगवलेली दिसतात.

तुला आवडलेलं ते जांभळं-पांढरं झुडूप म्हणजे ब्रुनफेल्सिया. फूल जांभळं उमलतं, फिकं होतं आणि दोन-तीन दिवसांत पांढरं. सावलीतही छान येतं. पण ते कुत्र्यांना विषारी आहे, आणि तुझी चिंगी दिसेल ते चघळते. नकोच.

‘लावून विसरता येतील अशी झाडं’ म्हणालीस. विसर, पण दुसऱ्या वर्षापासून. पहिलं वर्षभर पाणी नेमाने घाल, आणि रोज शिंतोडे मारण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी मुळापर्यंत मुरेल असं. पिशवीत मुळं गोल गुंडाळलेली असली तर लावताना हलकेच मोकळी कर. वर पालापाचोळा पसर, फक्त खोडाला चिकटवू नकोस. छाटणी बहर ओसरल्यावरच. एकदा मी ऐन कळ्यांच्या वेळी कुंतीवर कात्री चालवली होती. तुझे बाबा अजून टोमणे मारतात.

अबोलीच्या शेंगा पाकिटात घालून ठेवल्या आहेत, येशील तेव्हा घेऊन जा. काही न फोडता तशाच ठेवल्यात, त्या तू फोड. तोवर पाकीट कोरडं राहायला हवं, एवढीच मला धास्ती.

तुझी,
आई