‘एस्पान्या’ हा उसना साज नव्हे

महोदय,

रविवारच्या पुरवणीत पाश्चात्त्य संगीतावरचा लेख वाचला. फ्रेंच संगीतकार एमान्युएल शाब्रिए यांच्या ‘एस्पान्या’ (म्हणजे स्पेन) या वाद्यवृंद-रॅप्सडीची, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मुक्त बांधणीच्या रचनेची, लेखकाने एका वाक्यात बोळवण केली आहे: ‘स्पॅनिश लोकधुना उचलून पॅरिसमध्ये चढवलेला साज’. मन खट्टू झालं. ही रचना मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे, म्हणून हे पत्र.

शाब्रिए पॅरिसमध्ये गृहमंत्रालयात नोकरी करत होते. संगीत चालायचं ते फावल्या वेळात. 1880 मध्ये म्युनिकला वाग्नरचा ‘ट्रिस्टन’ हा ऑपेरा ऐकला आणि त्याच वर्षी नोकरीवर पाणी सोडलं. तेव्हा वय एकोणचाळीस. दोन वर्षांनी, 1882 च्या उन्हाळ्यात, ते पत्नीसह स्पेनला गेले आणि वर्ष सरेपर्यंत तिथेच फिरत राहिले. सेव्हिल, ग्रॅनडा, मालगा, काडिस... जातील तिथे नाचणाऱ्यांसमोर बसायचं, गिटार आणि टाळ्यांचा मेळ कान देऊन ऐकायचा आणि सूर-लय वहीत टिपून घ्यायची. मित्रांना लिहिलेल्या त्यांच्या पत्रांत हे सगळं आहे. कित्येक महिने पायपीट करून ऐकणाऱ्याला ‘उचलेगिरी’चं लेबल लावणं मला अन्यायाचं वाटतं.

त्यांनी घेतलं काय, तर दोन नाच. दक्षिणेतली मालागेन्या आणि ईशान्येकडच्या अरागॉनची खोता (तिथल्या लिपीत पहिलं अक्षर ‘जे’, उच्चार मात्र ‘ख’च्या जवळचा). दोन्ही तीन ठोक्यांचे, पण स्वभाव निराळे. सुरुवातीला तंतुवाद्यं गज बाजूला ठेवून बोटांनी छेडली जातात आणि कुणीतरी गिटार हातात घेतल्यासारखं वाटतं. इथेच कान फसतो. लिहिलेला ताल तीनचा, पण आघात दोन-दोनचे पडतात. आपल्याकडे दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीन अशा मोजता मोजता तबलजीने मध्येच दोन-दोन-दोन अशी वाटणी करावी, तशी ही गंमत आहे. दादऱ्यावर वाढलेल्या कानाला ती पहिल्या मिनिटातच कळते.

आणि मधे ट्रोम्बोन ही पितळी वाद्यं गर्जत येतात ती धून? ती लोकधून नाहीच. ती शाब्रिएंची स्वतःची. टिपून आणलेल्या धुनांशेजारी ती अशी काही बसली आहे की सांगितल्याशिवाय सांधा सापडत नाही. ऐकणं अंगात मुरलं होतं, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

परतण्याआधीच त्यांनी वाद्यवृंद-संचालक शार्ल लामुरो यांना कळवलं होतं की आपली रचना ऐकून श्रोते शेजाऱ्याला मिठ्या मारतील. 4 नोव्हेंबर 1883 ला लामुरोंनीच ती पॅरिसमध्ये पहिल्यांदा सादर केली, श्रोत्यांनी ती तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावली. लामुरोंनाच ती अर्पण केलेली आहे. स्वतः शाब्रिए मात्र तिला ‘एफ सुरातला एक तुकडा, बाकी काही नाही’ म्हणत.

परक्याने केलेलं काम खरं की खोटं, हे ज्यांचं ते आहे त्यांनी सांगावं. काडिसमध्ये जन्मलेले मान्युएल दे फाया यांच्यासारखा स्पॅनिश संगीतकार लिहून गेला आहे की अरागॉनची खेडूत मंडळी रात्री नाचतात तशी अस्सल खोता शाब्रिएंइतकी कुणा स्पॅनिश माणसालाही साधली नाही. लेखात या मताला एक ओळही मिळाली नाही, याची मला सर्वांत जास्त खंत आहे.

लेखमालेच्या पुढच्या भागात फ्रेंच संगीतकार राव्हेलच्या ‘स्पॅनिश रॅप्सडी’वर लिहिणार असल्याचं म्हटलं आहे. राव्हेलची आई बास्क होती, तिचं तारुण्य माद्रिदमध्ये गेलं होतं आणि तिथली गाणी त्याने लहानपणी तिच्या तोंडून ऐकली होती. निदान त्या लेखात ही आई यावी, एवढी विनंती. आणि तेव्हा ‘एस्पान्या’बद्दलचं ते वाक्यही कृपया दुरुस्त करावं.

– एक वाचक, ठाणे