रविवारच्या बैठकीची आठवण : उत्तर आयर्लंड

सभासदहो,

येत्या रविवारी सकाळी 10 वाजता अभ्यासगटाची बैठक आहे. विषय : सरकार ठप्प असताना राजधानी बेलफास्टमधलं रोजचं जगणं. मागच्या वेळी निम्मा वेळ 1998 च्या गुड फ्रायडे कराराच्या कलमांतच गेला. या वेळी ती घरूनच वाचून या.

युनियनवादी (ब्रिटनसोबतच राहू पाहणारे) आणि राष्ट्रवादी (आयर्लंडशी एक होऊ पाहणारे), दोघांनी मिळूनच सरकार चालवायचं, असा तो करार. एकानं अंग काढलं की गाडा रुतला. 2017 ते 2020 आणि 2022 ते 2024 असं अलीकडे दोनदा झालं. या दोन गटांमधला जुना सशस्त्र संघर्ष परत पेटला नाही, पण मंत्रीच नाहीत म्हणताना पगारवाढ लटकली. 18 जानेवारी 2024 ला लाखाहून अधिक सरकारी कर्मचारी संपावर गेले. शाळांना कुलपं, बस-रेल्वे बंद.

बेलफास्टमध्ये या दोन गटांच्या वस्त्या वेगळ्या ठेवणाऱ्या भिंतींची काही फाटकं आजही रात्री लागतात, मग पलीकडे जायचं तर लांबचा वळसा. लॅनार्क वे हा तिथला रस्ता नकाशावर शोधून ठेवा. एप्रिल 2021 मधल्या दंगलीत तिथलंच फाटक पेटवलं होतं.

चूक कुणाची, हा वाद कृपया नको. तासभर खातो, अनुभव आहे! टिपणं शुक्रवारपर्यंत गटावर टाका.

– संयोजक