रविवारची अ‍ॅम्प्लिफायर तपासणी

सभासदहो,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता, कॉलेज रोडला नेहमीच्या जागी. शुक्रवारपर्यंत तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरचं मॉडेल कळवा.

पावसाळाभर बंद असलेला सेट घरी थेट प्लगला लावू नका. जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (आतले चार्ज साठवणारे भाग) खराब झालेले असू शकतात. इथे आधी सिरीज बल्बवर लावू (म्हणजे वीज बल्बमधून सेटला जाते आणि करंट मर्यादित राहतो): बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर बरं, भगभगीतच राहिला तर बहुधा आत शॉर्ट.

– जपानी बाजारातला सेट १०० व्होल्टचा असतो. मागची पट्टी वाचा, स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर सोबत आणा.
– कव्हर घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. व्हाल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) सेटमध्ये तो जीवघेणा.
– खरखरणाऱ्या व्हॉल्यूमवर खोबरेल तेल सोडू नका (हो, असेही महाभाग आहेत). त्यासाठी इथे कॉन्टॅक्ट क्लीनर आहे.

सेट उचलायला जोडीदार आणा.