त्या तीन बाटल्यांबद्दल

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा निघताना तुमच्या औषधांच्या डब्याशेजारी स्मरणशक्ती टिकावी म्हणून घेता त्या गोळ्यांच्या तीन बाटल्या दिसल्या आणि मी तोडून बोलले, "हे असलं काय घेत बसलायत!" बाबा, तुम्ही गप्प झालात. आई, तू दारापर्यंत आलीस आणि हळूच म्हणालीस, "माझ्या आईचं झालं तसं व्हायला नको गं, म्हणून घेतो." घरी पोहोचेपर्यंत तेवढंच कानात घुमत होतं. आजी शेवटी शेवटी तुलाच "तुम्ही कुठल्या?" असं विचारायची. तेव्हाचा तुझा चेहरा मी पाहिलाय. मी रागावले, ते चुकलं. बाटल्यांबद्दल मला जे म्हणायचंय ते मात्र अजूनही म्हणायचंय, फक्त नीट समजावून.

त्या लेबलवरचं सगळं काही खोटं नाही. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण आपण घेतो त्यातला सुमारे 20 टक्के प्राणवायू तो एकटा वापरतो. एवढा प्राणवायू वापरताना 'फ्री रॅडिकल' नावाचे उपद्रवी रेणू तयार होतात, ते पेशींना इजा करतात. वार्धक्य यामुळेच येतं, असा सिद्धांत डेनहॅम हार्मन यांनी 1956 मध्ये मांडला. मग साहजिकच वाटलं की या रेणूंना निकामी करणारी अँटिऑक्सिडंट गोळी दिली की झालं. मलाही हे ऐकताना पटलंच असतं.

नंतर हे माणसांवर तपासलं गेलं, आणि तिथे गणित फसलं. तुमच्या एका बाटलीत गिंको आहे, म्हणजे त्या नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क. अमेरिकेत 75 वर्षांपुढच्या 3,069 लोकांवर त्याची चाचणी झाली. निम्म्यांना रोज दोनदा 120 मिलिग्रॅम गिंको आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, असं सहाएक वर्षं चाललं. 2008 मध्ये निकाल आला: डिमेन्शिया, म्हणजे आजीला झाला तसा विसरण्याचा आजार, दोन्हीकडे सारखाच. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम नावाचं खनिज 7,540 पुरुषांच्या चाचणीत तपासलं, त्यानेही डिमेन्शिया टळला नाही. आणि फिनलंडमधला अनुभव तर धक्कादायक होता. तिथे 29 हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांमध्ये बीटा-कॅरोटीन (गाजरात असतं ते अँटिऑक्सिडंट) घेणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी 18 टक्के जास्त झाला.

असं का, हे मला फार दिवस कळत नव्हतं. ते रेणू नुसते शत्रू नसतात. आपल्या पांढऱ्या पेशी त्यांच्याच जोरावर जंतू मारतात. व्यायाम करताना ते वाढतात, आणि त्या वाढीमुळेच शरीराला स्वतःची संरक्षणयंत्रणा बळकट करायचा इशारा मिळतो. 2009 मध्ये जर्मनीत काही तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. ज्यांना सोबत व्हिटॅमिन सी आणि ई दिलं, त्यांच्यात व्यायामाने इन्शुलिनचं काम सुधारतं तो फायदा दिसेना. बाबा, तुम्ही रोज पहाटे तासभर चालता आणि घरी येऊन 400 युनिटची ई व्हिटॅमिनची गोळी घेता. म्हणून हा प्रयोग वाचला तेव्हा मला तुम्हीच आठवलात.

एक गोष्ट मात्र लपवायची नाहीये. अल्झायमरचं, म्हणजे डिमेन्शियाच्याच एका प्रकाराचं, निदान झालेल्या 613 रुग्णांच्या एका चाचणीत काहींना व्हिटॅमिन ईचा फार मोठा डोस दिला, तेव्हा त्यांची रोजची कामं करण्याची क्षमता थोडी सावकाश कमी झाली. स्मरणशक्ती काही सुधारली नाही. शिवाय ते रुग्ण होते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. आजार नसताना तो टाळण्यासाठी गोळी घेणं वेगळं.

आता मला खरी काळजी कशाची वाटते ते सांगते. बाबा, तुम्ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेता. व्हिटॅमिन ई जास्त प्रमाणात आणि गिंको, दोन्हींमुळे त्याच्या जोडीला रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. तुमच्या हातावर न आपटताच उठणारे काळेनिळे डाग मी पाहिलेत. डॉक्टरांना तुम्ही या बाटल्यांबद्दल सांगितलंच नाहीये ना? पण स्वतःच्या मनाने रक्ताची गोळी एक दिवससुद्धा चुकवू नका, हे हात जोडून सांगते. आई, तुझी तिसरी बाटली कर्क्युमिनची, म्हणजे हळदीतल्या घटकाची. ते नीट शोषलं जात नाही म्हणून त्यात मिरीतलं पायपरिन घालतात, आणि त्यामुळे इतर औषधांचं शरीरातलं प्रमाणही बदलू शकतं. अशा कॅप्सूलमुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलंय. सूज आणि दाह कमी होतो म्हणून ती घेतेस, पण तुझ्या हिरड्यांवर दंतवैद्याने सांगितलेले उपचार अजून राहिलेत. दाह तिथेही असतो गं.

आणि तुझ्या पायांना मुंग्या येतात, शब्द आठवत नाहीत म्हणतेस. मधुमेहाचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-12 व्हिटॅमिन कमी होऊ शकतं, आणि त्याने नेमकं हेच होतं. ते रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं आणि भरूनही काढता येतं. विसरण्याचं असं एखादं बरं होणारं कारण सुटलं आणि आपण बाटल्यांवरच विसंबून राहिलो, तर मला फार वाईट वाटेल.

बाबा, आता तुमचे कान. टीव्हीचा आवाज जिन्यापर्यंत येतो आणि चारचौघांत तुम्ही नुसती मान हलवता. 2024 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांनी डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी 14 कारणं मांडली, त्यांत ऐकू कमी येणं आहे, रक्तदाब आहे, मधुमेह आहे, एकटेपणाही आहे. श्रवणयंत्रावरच्या एका चाचणीत सगळ्यांना सरसकट फायदा झाला नाही. पण ज्यांना आधीच जास्त धोका होता, त्यांच्यात तीन वर्षांत बुद्धीची घसरण 48 टक्के सावकाश झाली. मी तेवढ्यावर विश्वास टाकायला तयार आहे. कानात यंत्र घालायला संकोच वाटतो, हे मला कळतं. तरी एकदा तपासून तर घेऊ.

शनिवारी सकाळी मी येतेय. बाटल्या फेकू नका, पिशवीत घालून ठेवा, डॉक्टरांना दाखवायच्यात. त्या घ्यायच्या की नाहीत, हे त्यांच्यासमोरच ठरवू. तिथूनच कानांची तपासणी आणि आईचं बी-12 करून येऊ.

रात्री मी राहणार आहे. आई, आजीबद्दल तुला बोलायचं असेल तर बोलू. ती गेल्यापासून आपण दोघी त्या शेवटच्या वर्षाबद्दल एकदाही बोललेलो नाही.

तुमची लेक