बंब

ग्वाल्हेर,
११ मे २०२५

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू तीनतीनदा ‘तिकडे ठीक ना?’ विचारलंस आणि मी ‘हो हो’ करून फोन ठेवून दिला. आई शेजारीच बसली होती, तिच्यासमोर तो विषय नको होता. आता काल संध्याकाळी शस्त्रसंधीची बातमी आली, म्हणून सविस्तर लिहितो.

बुधवारी, ७ तारखेला, सरावासाठी इथेही अंधार केला होता. भोंगा वाजला, मुलांनी दिवे मालवले, नातवाचा मोबाइल मी उशीखाली कोंबला. आणि अंधारात आई एकदम म्हणाली, "बंब विझवला का गं?" घरात गीझर येऊन तीस वर्षं झाली, बंड्या! सून गोंधळली. तिला बंब म्हणजे आगीचा, एवढाच माहीत.

बंबाची गोष्ट आमच्याकडे दर दिवाळीला निघते. १९७१ चा डिसेंबर. दत्तजयंती नुकतीच झालेली, चांदणं असं पिठासारखं सांडलेलं की दौलतगंजातल्या आमच्या बोळातला खडा न् खडा दिसायचा. ३ तारखेला रात्री पाकिस्तानी विमानांनी आग्र्याच्या विमानतळावर बॉम्ब टाकले. आग्रा इथून जेमतेम सव्वाशे किलोमीटर, आणि महाराजपूरचा विमानतळ तर आमच्या उशाशीच. तिकडे ताजमहाल तरटांनी झाकला, इकडे आम्ही काचांवर खळीने कागदाच्या फुल्या चिकटवल्या, बल्बांना काळ्या कागदाच्या टोप्या घातल्या. "आणि चंद्राला टोपी कोण घालणार?" म्हणून आजी चिडायची. १७ तारखेला लढाई थांबली तेव्हा कुठे अमावास्या आली! मी आठ वर्षांचा. मला खरं तर त्या खळीचा आंबूस वासच जास्त आठवतो.

तर दोन-तीन दिवसांनी, पहाटे, अंगणात बंब धगधगत होता. जाळीतून निखाऱ्यांचा लाल उजेड थेट भिंतीवर. गल्लीतल्या स्वयंसेवकाने शिट्टी फुंकली, तशी आजी आतून ओरडली, "अगं, बंब! बंब!" शेजारी सगळे हिंदी बोलणारे. त्यांनी ऐकलं ‘बम’. पाच मिनिटांत अख्खी गल्ली खंदकात. तिथे आधीच एक कुत्री व्यालेली, ती अंगावर आली म्हणून अर्धे पुन्हा वर! आईने घाबरून बादलीभर पाणी निखाऱ्यांवर ओतलं, त्यासरशी राखेचा असा लोट उसळला की काका खाटेखाली शिरला. आग्र्याचा स्फोट आपण या कानांनी ऐकला, असं तो अजून शपथेवर सांगतो.

इतकी वर्षं आम्ही इथवर येऊन हसायचो. या वेळी सुनेने विचारलं, "पण इतक्या पहाटे बंब पेटवला कुणी?" मी आपला धरून चाललो होतो की आजीने, सोवळ्यासाठी.

"मी," आई म्हणाली.

बाबा रेल्वेत गार्ड, तुला ठाऊकच आहे. २ तारखेला मालगाडी घेऊन आग्र्याकडे गेलेले. दुसऱ्या रात्री रेडिओवर आग्र्याचं नाव आलं आणि बाबांचा पत्ता नाही. घरी फोन कुठला! सासूसमोर रडायचीही सोय नाही. "ड्यूटीवरून आले की त्यांना आधी गरम पाणी लागायचं. कधी येतील नेम नाही. मग मी रोज रात्री दोनला उठून बंब पेटवायचे. निवला की पुन्हा ढलप्या घालायच्या."

पन्नासावर वर्षं झाली, हे ती एकदाही बोलली नव्हती.

"मग बाबा आले कधी?"

"त्याच दिवशी, नऊच्या सुमाराला. कोळशाच्या भुकटीने माखलेले. बंबाला हात लावून म्हणाले, ‘आज पाणी नाही तापवलं?’"

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? चहा टाकला."

बंब माळ्यावर आहे, बुडाला भोक पडलंय. जूनमध्ये आलास की खाली काढू. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नाना