पाखऱ्याच्या वैरणीचे पैसे वेगळे धरा

मीथ, आयर्लंड
१४ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आप्पा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. थंडीची काळजी करू नका. आईनं दिलेली लोकरीची बंडी अंगात असते, वरून दोन जाकिटं. ज्वारीचं पीठ डब्लिनला मिळतं, भाकरी आता फुगायला लागलीय. बाकी फोनवर रोजचं होतंच.

पत्र लिहायचं कारण निराळं आहे. मागच्या रविवारी आईनं विचारलं, "तिथली गुरं दुधाची न्हाईत म्हणं, खरं काय?" आणि मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज होती. आई, गुरं मांसाचीच आहेत. गावात आप्पांनी सगळ्यांना डेअरी सांगितलंय, ते मीच सांगितलं होतं म्हणून. एम.एस्सी. झाल्यावर हातात पहिलं हे काम आलं आणि डोक्यावर कर्ज होतं. मी तसलं काही खात नाही. गळ्यातली माळ तशीच आहे. कापायचं काम इथं होत नाही, तो कारखाना वेगळा, लांब आहे. पण लॉरीत चढवायला मी असतो. तेवढं सांगितलं नाही तर हेही खोटंच झालं.

आप्पा, पुढचं तुमच्यासाठी. आयर्लंडच्या पश्चिमेकडं जमीन हलकी आणि ओली. तिथले शेतकरी वासरं वाढवतात आणि इकडच्या चांगल्या जमिनीवाल्यांना विकतात. आमच्या मालकांनी ऑक्टोबरात तिकडच्या बाजारातून शारोले, लिमोझिन, अँगस या जातींचे खच्ची केलेले खोंड आणले. थंडीत गवत वाढत नाही आणि मोकळं सोडलं तर जनावर कुरणाचा चिखल करतं, म्हणून मार्चपर्यंत सगळी गोठ्यात. २०१३ ला आपण आटपाडीकडं छावणीत गुरं घेऊन बसलो होतो ना, पहिल्या दिवशी मला तेच आठवलं. तिथं पाणी नव्हतं म्हणून, इथं पाऊस थांबत नाही म्हणून.

खायला मुरघास. मे महिन्यात कापलेलं गवत काळ्या प्लास्टिकखाली दाबून वर जुने टायर ठेवतात. त्याच्या जोडीला जवाचा भरडा, बीटाचा चोथा आणि पेंड. सगळं कसब या भरड्यात आहे. सुरुवात दोन किलोनं, मग तीन-चार दिवसांनी एकेक किलो चढवत पाच-सहा किलोवर न्यायचं. घाई केली की पोटात आंबतं, जनावर रवंथ सोडतं, पाय धरतं, कधी मरतं. सकाळी साडेआठपर्यंत उजेड नसतो, म्हणून मी बॅटरी घेऊन गव्हाणीपुढनं चालतो. जे उशिरा तोंड घालतं त्याच्याकडं आधी बघायचं, हे तुम्ही शिकवलेलं. नोव्हेंबरात एका तांबड्या खोंडानं रवंथ सोडला. भरडा बंद करून नुसतं वाळलं गवत टाकलं, रात्री दोनदा उठून बघितलं, तिसऱ्या दिवशी सावरला. मालक म्हणाले, तुझी नजर चांगली आहे. तो खोंड जानेवारीत लॉरीत चढेल.

दिवसाला किलोभर वजन चढतं. शंभरेक दिवसांनी बरगडीवर आणि शेपटीच्या मुळाशी हात दाबून बघतात, मऊ लागलं की तयार. त्यापुढं ठेवलं तर नुसती चरबी, खाणं जास्त आणि भाव कमी. दात कोणी बघत नाही. जनावराच्या कागदावर जन्मतारीख असते आणि तीस महिन्यांच्या आतल्याला वरकड पैसे मिळतात.

आता एक गंमत नीट सांगतो, कारण मला समजायलाच महिना लागला. बाजारात सौदा झाला, पावती झाली, तरी विकणारा माणूस शोधत आला आणि मालकांच्या हातात वीस युरो ठेवून गेला. मला वाटलं, हिशोब चुकला. मी पावती काढून दाखवायला लागलो, तर सगळे बघत राहिले. याला इथं 'लक पेनी' म्हणतात. विकणाऱ्यानं मिळालेल्या पैशातनं थोडं घेणाऱ्याला परत द्यायचं. सूट नव्हे, ती आधीच घासाघीस करून झालेली असते. किती द्यायचे तेही ठरलेलं नसतं, पण दिले नाहीत तर तो माणूस कायमचा लक्षात राहतो. मालकांना विचारलं, का? ते म्हणाले, त्याशिवाय जनावर लाभत नाही. मी इंग्रजीत ऐकलं, पण मला आज्जीच ऐकू आली. कालवड विकली तरी दावं सोडून घ्यायची ती. खरसुंडीच्या यात्रेत उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरतो, हे मी मालकांना हात धरून दाखवलं. दोनदा करायला लावलं त्यांनी.

घाईत पैशाचं लिहितो. या महिन्यात पंच्याहत्तर हजार पाठवतोय. बँकेचा हप्ता त्यातनं जाऊ दे, उरलेले छकुलीच्या लग्नाला धरा. मंडपवाल्याला उचल द्या, सोन्याचं मी फेब्रुवारीत बघतो. लग्नाला चारच दिवस मिळतील असं दिसतंय. आई, हळदीच्या आदल्या रात्री पोचेन, त्याआधी काही जमत नाही. रागावू नकोस.

मामांनी विट्याचं स्थळ आणलंय म्हणता. मुलगी बघायला माझी ना नाही. पण त्यांना डेअरी सांगू नका. मांसाच्या गुरांच्या गोठ्यावर कामाला आहे, असंच सांगा. नको म्हणाले तर नको.

आणि आप्पा, पाखऱ्या आता औताला चालत नाही, कडबा परवडत नाही, हे तुम्ही छकुलीला बोललात, मला नाही. त्याला कुणाला देऊ नका. कडब्याच्या पेंढ्या शेकड्यावर भरून ठेवा, त्याचे दहा हजार वरच्या पंच्याहत्तरात धरलेले नाहीत, ते वेगळे येतील. त्याला भरडा घालायचा झाला तर पहिल्या दिवशी मूठभरच घाला. मी येईन तेव्हा तो दावणीला असू दे.

तुमचा,
संतू