मा. गृहमंत्री, खिडकीवरचा मास्क कोण तपासणार?

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, महापालिकेच्या खांबावर, पोलिसांचा फिरता कॅमेरा आहे. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या त्याच्या थेट टप्प्यात येतात. रहिवाशांनी लेखी अर्ज दिल्यावर खिडक्यांवर मास्क, म्हणजे चित्रातला तेवढा भाग झाकणारा पट्टा, टाकला गेला, आणि तो कायम राहील असा शब्दही मिळाला. गेल्या महिन्यात देखभालीत कॅमेरा बदलला आणि मास्क गेला. आता पोलीस ठाणे नियंत्रण कक्षाकडे पाठवते, नियंत्रण कक्ष ठेकेदाराकडे, आणि प्रभाग कार्यालय सांगते की खांब आमचा, कॅमेरा आमचा नाही. तोवर या उकाड्यात बायकामुलांनी खिडक्या लावून बसायचे.

कॅमेरेच नकोत असे आम्ही म्हणत नाही. 26/11 च्या हल्ल्यानंतर चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीने त्यांची शिफारस केली, 2016 मध्ये मुंबईत पहिल्या टप्प्यातच साडेचार हजारांवर कॅमेरे लागले, आणि तपासात त्यांचा उपयोग होतो. प्रश्न आहे तो कॅमेरा कुठे बघतो हे विचारण्याचा हक्क कोणाला, हा.

मास्क का जातो, हे आपल्या खात्याला सांगावे लागते याचेच दुःख आहे. फिरत्या कॅमेऱ्यात मास्क पडद्यावरच्या जागेला नव्हे, तर कॅमेऱ्याच्या आडव्या-उभ्या कोनाला आणि झूमला बांधावा लागतो. नाहीतर कॅमेरा वळला की खिडकी उघडी पडते. नव्या कॅमेऱ्यात जुनी सेटिंग आपोआप येत नाही. ती भरली तरी कॅमेरा खांबावर दोन अंश तिरका बसला की मास्क भिंतीवर पडतो. म्हणून तो खिडकीपेक्षा थोडा मोठा आखायचा असतो. आणि मास्क नियंत्रण कक्षाच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हे, कॅमेऱ्यातच हवा. सॉफ्टवेअरमधला मास्क फक्त बघणाऱ्यापुरता असतो. साठवलेल्या चित्रणात घर जसेच्या तसे राहते.

अनोळखी चेहरा ओळखायला आंतरराष्ट्रीय मानकानुसार एका मीटरला 250 पिक्सेल लागतात. 1920 पिक्सेल रुंदीच्या चित्रात ही स्पष्टता जेमतेम पावणेआठ मीटर रुंदीला मिळते. म्हणजे चौकाच्या कामासाठी चौकाच्या तोंडावर नेम धरलेला स्थिर कॅमेरा पुरेसा आहे. झूम करणारा कॅमेरा लावला की दूरच्या घरातला माणूसही त्याच स्पष्टतेत येतो. तो का लागला, याचे लेखी कारण कुठेही नाही.

चित्रण सेकंदाला 4 मेगाबिट वेगाने साठवले तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे 43 जीबी होतात, 30 दिवसांचे 1.3 टीबी. ते कोणी उघडले, कोणी कॉपी केले, याची नोंद यंत्रणा ठेवते. पण पाळीतले सगळे एकाच लॉगिनने बसले तर त्या नोंदीला काहीच अर्थ राहत नाही. न्यायालयात चित्रण देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 नुसार हॅश मूल्यासह (फाईल बदललेली नाही हे तपासता येणारा संकेतांक) प्रमाणपत्र लागते. आरोपीविरुद्धच्या पुराव्याला एवढी शिस्त आहे, आणि निरपराध रहिवाशाच्या चित्रणाला कसलीच नाही.

दाद मागायची कुठे? 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने गुन्ह्यांच्या प्रतिबंधासाठी आणि तपासासाठी सूट दिली. माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी ठेवली, पण आपली माहिती मागण्याचा, खोडून घेण्याचा हक्क काढून घेतला. माहिती अधिकारात विचारले की सुरक्षेचे किंवा तपासाचे कलम पुढे येते. रस्त्यावरून कोणालाही दिसणाऱ्या कॅमेऱ्याची दिशा गुप्त कशी?

74 वी घटनादुरुस्ती होऊन तीन दशके उलटली. तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या घटनेनेच सांगितल्या. तरी मार्च 2022 ला मुंबई-पुण्यातल्या सभागृहांची मुदत संपल्यावर कारभार वर्षानुवर्षे प्रशासकांकडे राहिला. खांब, वीज, रस्ता खोदायची परवानगी पालिकेची, आणि लोकांनी निवडलेल्या माणसाला त्यात शब्द नाही. पोलीस ठाण्यांच्या आत कॅमेरे लावा असा आदेश मात्र सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर 2020 मध्ये द्यावा लागला, आणि 2025 मध्ये बंद कॅमेऱ्यांची दखल पुन्हा न्यायालयानेच घेतली. आमच्या घरावर रोखलेला कॅमेरा लगेच दुरुस्त होतो. कोठडीतला बंद पडलेला का राहतो?

प्रभाग समितीला थेट चित्रण दाखवा, अशी मागणी आम्ही करत नाही. ते आणखी धोक्याचे होईल. तिच्याकडे नोंदवही द्या: खांब क्रमांक, कॅमेऱ्याचा प्रकार, दिशा, साठवणुकीचे दिवस, मास्क. प्रत्येक देखभालीनंतर मास्क दिसणारे स्थिरचित्र काढल्याशिवाय ठेकेदाराचे बिल निघू नये. लॉगिन व्यक्तिगणिक वेगळे असावे आणि पाहणीची नोंद दर तीन महिन्यांनी निवृत्त न्यायाधीशाने तपासावी. गुन्हा क्रमांक जोडलेला नसेल ते चित्रण 30 दिवसांनी पुसले जावे. चेहरा ओळखणारे सॉफ्टवेअर सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय सुरू होऊ नये. अमेरिकेतल्या ओकलंड शहरात 2018 पासून अशा साधनांना नगर परिषदेची मंजुरी लागते.

नियमावलीला वेळ लागेल. मास्क टाकायला अर्धा तास पुरतो, तो याच आठवड्यात टाकून घ्यावा.

आपले,
गल्लीतील रहिवासी